मडमधले ट्रिगर, स्क्रिप्ट आणि बॉट : चालतं काय, चालत नाही काय? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी पंधराएक वर्षं मड, म्हणजे निव्वळ मजकुराचे ऑनलाइन खेळ, खेळते आहे. त्यातली चार वर्षं डिकू घराण्यातल्या (हे घराणं कुठलं ते खाली येतंच) एका मडवर स्वयंसेवक प्रशासक होते, म्हणजे खेळाच्या भाषेत ‘इमॉर्टल’. नवे मराठी खेळाडू मला पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच असतं : माझ्या वतीने संगणकाने आज्ञा दिली तर ते बरोबर का? उत्तरांत माझी मतं आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत. तुमच्या मडचा नियम वेगळा असेल, तर तिथे तोच पाळायचा.

मड म्हणजे काय? आणि आपोआप आज्ञांचा वाद इथेच इतका का?

मड म्हणजे मल्टि-यूजर डंजन. अनेकांनी एकाच वेळी, निव्वळ मजकुरातून खेळायचा खेळ. पहिला मड १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. पडद्यावर चित्र नसतं. ‘तुम्ही देवळात उभे आहात, दक्षिणेला चौक आहे’ असं वर्णन येतं, तुम्ही ‘साउथ’ लिहून एंटर दाबता, चौकाचं वर्णन येतं. लढाई, खरेदी, भांडण, लग्नसुद्धा याच पद्धतीने होतं. १९९०-९१ च्या सुमारास कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी डिकूमड लिहिला आणि त्याचा कोड विनामूल्य दिला. आज चालणाऱ्या कितीतरी मडांचं बीज तेच आहे.

वाद इथे जास्त पेटतो, कारण आपोआप खेळवणं इथे फार सोपं आहे. चित्रांच्या खेळात बॉट लिहायचा तर आधी पडद्यावर काय चाललंय ते प्रोग्रॅमला ओळखावं लागतं. मडमध्ये एक ओळ वाचायची आणि एक ओळ पाठवायची, एवढंच. प्रोग्रॅमिंगचा गंध नसलेला माणूसही अर्ध्या तासात पहिला ट्रिगर लिहितो.

एलियस, ट्रिगर, टाइमर, बॉट : फरक काय?

एलियस म्हणजे आखूड नाव. तुम्ही ‘घर’ लिहिलंत की क्लायंट, म्हणजे तुमच्या संगणकावरचा मड खेळायचा प्रोग्रॅम, ‘साउथ, साउथ, ईस्ट, ओपन डोअर’ अशा चार आज्ञा पाठवतो. सुरुवात तुमच्या बोटांनी झालेली असते.

ट्रिगरमध्ये सुरुवात खेळाकडून होते. बहुतेक सगळ्यांचा पहिला ट्रिगर भुकेचा असतो. पडद्यावर ‘यू आर हंग्री’ ही ओळ आली की ‘ईट ब्रेड’ पाठव. टाइमर कुणाचीच वाट पाहत नाही, ठरलेल्या सेकंदांनी आज्ञा पाठवत राहतो. आणि या तिघांची अशी साखळी बांधली की पात्र स्वतःच शिकार शोधतं, मारतं, लुटतं, जखमी झालं की झोपतं, बरं झालं की उठून पुन्हा निघतं, तर तो बॉट.

एलियस आणि बॉट यांच्यामध्ये कुठेही स्पष्ट रेघ नाही. भुकेच्या ट्रिगरला आणखी पाच ट्रिगर जोडत गेलं की एके दिवशी आपण बॉट लिहून बसलेलो असतो. म्हणून ‘ट्रिगर चालतील, बॉट नाही’ एवढाच नियम लिहिणाऱ्या मडवर भांडणं अटळ असतात.

सर्व्हरला कळत नाही का, आज्ञा हाताने लिहिली की प्रोग्रॅमने?

नाही. बहुतेक मड टेलनेटवर चालतात, म्हणजे साधा मजकूर इकडून तिकडे पाठवण्याच्या जुन्या पद्धतीवर. एंटर दाबलं की पूर्ण ओळ सर्व्हरकडे जाते. ‘किल फायडो’ ही अक्षरं तुमच्या बोटांतून आली की टिनटिन या क्लायंटच्या ‘ॲक्शन’मधून (ट्रिगरला तिथे हेच नाव आहे), तिथे पोचेपर्यंत दोन्ही अगदी सारखी झालेली असतात. टिनटिन, झीमड, मशक्लायंट आणि हल्ली मडलेट, ज्यात लुआ भाषेत पूर्ण प्रोग्रॅम लिहिता येतो, हे सगळे खेळाडूच्या संगणकावर चालतात. तिथे सर्व्हरची नजर पोचत नाही.

म्हणून सरसकट ट्रिगरबंदीला माझा विरोध आहे. ती तपासता येत नाही. प्रामाणिक खेळाडू तेवढे ट्रिगर काढून टाकतात, बाकीचे चालू ठेवतात, आणि नियमाचा तोटा तो पाळणाऱ्यांनाच होतो.

मग ट्रिगर वापरणं चीटिंग नाही?

खेळ स्वतः काय देतो ते आधी बघा. डिकू घराण्यातल्या मडांत ‘विम्पी’ नावाची सोय जुनी आहे : जीव एका मर्यादेखाली गेला की पात्र आपोआप पळ काढतं. पुढे ‘ऑटोलूट’ आलं, मेलेल्याच्या अंगावरचं आपोआप उचलायला. ‘ऑटोअसिस्ट’ आलं, सोबत्याच्या लढाईत आपोआप उतरायला. हे सगळं आपोआपच आहे, पण कुणी त्याला चीटिंग म्हणत नाही. ते प्रत्येकाला मिळतं, सारखंच चालतं, आणि मदतीच्या पानावर लिहिलेलं असतं.

माझी कसोटी यातूनच आली आहे. आज्ञा कोणी टाइप केली याला मी फार महत्त्व देत नाही. मी दोन गोष्टी बघते. ही सोय इतरांनाही मिळू शकते का? आणि पात्र जे करतंय ते बघायला माणूस तिथे आहे का?

मी एका कोपऱ्यात रात्रभर बॉट लावला तर कुणाचं काय बिघडलं?

हा प्रश्न विचारणारा सहसा मनापासून विचारतो, म्हणून सविस्तर सांगते.

डिकूचं जग झोनमध्ये विभागलेलं असतं. मारलेले प्राणी आणि राक्षस लगेच परत येत नाहीत, झोन ‘रिसेट’ झाला की येतात. समजा एका गुहेत नऊ ट्रोल आहेत आणि ती वीस मिनिटांनी भरते. तुमचा बॉट ते नऊ ट्रोल चार मिनिटांत संपवतो आणि दारात रिसेटची वाट पाहत उभा राहतो. संध्याकाळी ऑफिसातून घरी आलेली, तासभर खेळायला मिळणारी मुलगी तिथे पोचते तेव्हा गुहा रिकामी असते. ती परत येते, पुन्हा रिकामी. तिसऱ्या दिवशी ती येतच नाही. बॉट लावणाऱ्याला ती कधी दिसलेलीच नसते, म्हणून ‘कुणाचं काय बिघडलं’ हा प्रश्न त्याला खरा वाटतो.

दुसरं नुकसान पैशाचं. प्रत्येक ट्रोलच्या अंगावर थोडं सोनं असतं आणि ते जगात नव्याने येतं. खेळाडू जेवढा वेळ जागा, तेवढंच सोनं येणार, हे गृहीत धरून किमती ठरवलेल्या असतात. बॉट झोपत नाही. महिन्याभरात लिलावातली तलवार नवख्याच्या आवाक्याबाहेर जाते आणि तोही नाइलाजाने बॉट लावतो. आमच्या मडवर एक वर्ष असं गेलं. ‘हू’ (आत्ता कोण खेळतंय) लिहिलं की तीस नावं दिसायची आणि चौकात बोलायला कुणी नसायचं.

खेळाडूंच्या आपसातल्या लढाईत काय?

इथे प्रश्न वेगळा होतो आणि मला तो जास्त रंजक वाटतो.

आयर्न रिल्म्स कंपनीचा अकेया हा मड १९९७ पासून चालू आहे. तिथे नुसते वार करून जिंकता येत नाही. तुम्ही समोरच्याला लुळेपणा, दमा, मळमळ अशा व्याधी एकावर एक लावत जाता. प्रत्येकीवर औषध वेगळं : कशावर पाला खायचा, कशावर मलम चोळायचं, कशासाठी पाइप ओढायचा. आणि एक औषध घेतलं की त्याच प्रकारचं दुसरं घ्यायला थोडं थांबावं लागतं. एका सेकंदात तीन-चार ओळी येत असताना हे हाताने करणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे. त्यामुळे खेळाडूंनी आपोआप बरं होण्याच्या प्रणाली लिहिल्या. त्या हजारो ओळींच्या झाल्या, विकल्या जाऊ लागल्या, आणि जिंकण्यात कुणाची प्रणाली चांगली याचा वाटा वाढत गेला.

याला खेळातूनच दिलेलं एक उत्तर मला फार आवडतं. अकेयात पात्रांच्या काही वर्गांना ‘इल्युजन’ची विद्या आहे. तिने समोरच्याच्या पडद्यावर खोटी ओळ उमटवता येते. तुम्हाला झालीच नाही ती व्याधी झाल्याचं दाखवायचं. ट्रिगर फसतो, नको ते औषध घेतो, आणि खऱ्या दुखण्याच्या वेळी हात रिकामा. वाचणारा माणूस ओळखतो, आंधळा ट्रिगर ओळखत नाही. मग प्रणालींनी खोट्या ओळी ओळखायला शिकून घेतलं, आणि चढाओढ पुढे चालू राहिली.

पुढे अकेयाने बरं होण्याची यंत्रणा सर्व्हरमध्येच आणली. कोणती व्याधी आधी बरी करायची तो क्रम तुम्ही ठरवता, अंमल सर्व्हर करतो. मला ही वाट सर्वांत न्याय्य वाटते. जी गोष्ट प्रोग्रॅमशिवाय शक्यच नाही ती खेळाने सगळ्यांना द्यावी, आणि डावपेच माणसाकडे ठेवावेत. नाहीतर प्रोग्रॅमिंग येणारा किंवा प्रणाली विकत घेणारा पुढे जातो आणि बाकीचे त्याची शिकार होतात.

मी समोर बसून स्क्रिप्ट चालवली तर?

बऱ्याच मडांवर चालतं. सिम्युट्रॉनिक्सच्या ड्रॅगनरिल्म्समध्ये स्क्रिप्टचा वापर सर्रास आहे, त्या कंपनीच्या स्वतःच्या क्लायंटमध्येही स्क्रिप्टची सोय होती. तिथे मनाई आहे ती खेळाडू समोर नसताना स्क्रिप्ट चालू ठेवण्याला. प्रशासक येऊन बोलला तर तुम्ही उत्तर द्यायला हवं.

फक्त ‘समोर’ या शब्दाशी खेळू नका. दुसऱ्या खिडकीत सिनेमा लावून दर दहा मिनिटांनी इकडे बघणं म्हणजे समोर असणं नव्हे.

प्रशासकाने विचारलं तेव्हा मी चहा ठेवायला उठले होते. शिक्षा होईल?

नीट चालवलेल्या मडवर एका प्रश्नावरून होत नाही. आम्ही तीन गोष्टी एकत्र बघायचो. आज्ञांमधलं अंतर : माणूस ओळ वाचून टाइप करतो तेव्हा कधी एक सेकंद लागतो, कधी चार, आणि हा विस्कळीतपणा तासन्‌तास टिकतो. दुसरं, अनपेक्षित प्रसंगातलं वागणं : खोलीत अचानक मित्र आला, वाटेतलं दार कुणी लावून घेतलं, तर पात्र थबकतं की भिंतीवर डोकं आपटत राहतं? तिसरं, बोलणं.

उत्तर येणं हाही पुरावा नव्हे, कारण ‘टेल’ (खाजगी निरोप) आला की ‘हो, बोला’ असं पाठवणारा ट्रिगर दोन मिनिटांत लिहिता येतो. म्हणून प्रश्न असा विचारायचा, ज्याला ठरावीक उत्तर नाही.

उठताना पात्र थांबवून ठेवा. एवढं केलं तर हा प्रसंग येतच नाही.

दृष्टिहीन खेळाडूंनी ट्रिगर वापरले तर तो अन्याय्य फायदा नाही का?

नाही. आणि हे मी कसं शिकले ते सांगणं मला भाग आहे.

मजकुरावर चालत असल्यामुळे मड हा दृष्टिहीन खेळाडूंना डोळसांच्या बरोबरीने खेळता येणाऱ्या मोजक्या ऑनलाइन खेळांपैकी एक आहे. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर ओळी वाचून दाखवतो. पण डोळा पंचवीस ओळींच्या लढाईतून आपल्याला हवी ती एक ओळ उचलतो, आणि कानाला सगळ्या ओळी एकामागून एक ऐकाव्या लागतात. सहाजणांच्या लढाईत वाचून होण्याआधीच पुढच्या फेऱ्या आलेल्या असतात. म्हणून हे खेळाडू ट्रिगर लावून निरर्थक ओळी गाळतात, काही ओळींच्या जागी छोटा आवाज वाजवतात, जीव किती उरला ते विचारल्यावरच ऐकतात. काहीजण चालण्याचं आणि उचलण्याचं कामही ट्रिगरवर सोपवतात.

मी प्रशासक असताना एका पात्राच्या आज्ञा संशयास्पद वाटल्या : अंतरं फार नियमित, आणि भर लढाईत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही. आमची पद्धत अशी होती की चांदण्यांच्या चिन्हांनी काढलेला चार आकडी अंक समोर टाकायचा, माणूस असेल तर तो अंक लिहील. मी टाकला. उत्तर नाही. दुसऱ्यांदा टाकला. तेव्हा उत्तर आलं : ‘थांबा, काहीतरी खूप लांब वाचतंय.’ हे वाक्य मी पाहिलं आणि तरी पात्र गोठवलं, कारण अंक आला नव्हता.

तीन दिवसांनी त्या खेळाडूचं पत्र आलं. तो जन्मापासून दृष्टिहीन होता. मी काढलेल्या अंकाचं त्याच्या कानात ‘स्टार, स्टार, स्टार’ एवढंच झालं होतं. त्याने रागाचा एक शब्दही लिहिला नव्हता. त्याने फक्त विचारलं होतं, हाच प्रश्न साध्या अक्षरांत विचारता आला असता का.

आला असता. त्या आठवड्यात आम्ही चित्रांची तपासणी बंद केली आणि साध्या वाक्यात प्रश्न विचारायला लागलो : आत्ता कुणाशी लढताय, काल पाऊस होता का, असं काहीही. बॉट पकडण्यात त्याने काडीचा फरक पडला नाही. मी त्या खेळाडूची माफी मागितली, त्याने ती स्वीकारली आणि पुढे दोन वर्षं तो आमच्यात खेळला. पण ते तीन दिवस मी त्याच्याकडून घेतले ते घेतलेच. तुम्ही मड चालवत असाल तर चित्रांची तपासणी आजच काढून टाका.

मनगट किंवा बोटं दुखणाऱ्यांनाही हेच लागू आहे. एकाच आज्ञेसाठी शंभरदा टाइप करायला लावणं ही कौशल्याची परीक्षा नाही.

भारतातून खेळताना लॅग असतो, म्हणजे ओळ जायला-यायला उशीर लागतो. ट्रिगर लावून तो भरून काढला तर?

मुंबईपासून अमेरिकेचा पूर्व किनारा साधारण साडेबारा हजार किलोमीटरवर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास जातो. म्हणजे जाऊन-येऊन एक अष्टमांश सेकंद तर निसर्गाचाच खर्च. केबलची वळणं आणि मधले थांबे धरून प्रत्यक्षात तो पाव सेकंदाच्या आसपास जातो.

डिकूच्या लढाईत फेरी दोन-तीन सेकंदांनी येते, तिथे पाव सेकंदाने बिघडत नाही. अकेयासारख्या लढाईत बिघडतं, आणि ट्रिगरने ते भरून निघत नाही. तुमचा ट्रिगर कितीही चपळ असला तरी ओळ पुण्याला येऊन परत जाणार. सर्व्हरशेजारच्या गावात राहणाऱ्याचा तोच ट्रिगर तुमच्या आधी पोचणार. म्हणजे क्लायंटमधल्या स्पर्धेत आपण कायम मागे. सर्व्हरमधली यंत्रणा मात्र पुणेकराला आणि न्यूयॉर्ककराला एकाच क्षणी औषध पाजते. भारतातल्या खेळाडूंनी अशा सोयींच्या बाजूने बोलायला हवं, असं मला वाटतं.

लाइन तुटण्याचंही तेच. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं तेव्हा स्वस्तातलं शेल अकाउंट निव्वळ मजकुराचं होतं, आणि मडला तेवढं पुरतं. पण डायल-अप तुटलं की क्लायंटमधले सगळे ट्रिगर तिथेच मेले आणि पात्र ट्रोलसमोर उभं. गावाकडे वीज गेली की आजही हेच होतं. विम्पी सर्व्हरवर असते, म्हणून ती तेव्हाही जागी असते.

मराठीत एलियस करता येतात का? ते चालतं का?

मडलेटमध्ये येतात. माझा सगळ्यात जुना एलियस ‘पळ’ आहे, तो ‘फ्ली’ पाठवतो. घाबरलेल्या क्षणी बोटं आपल्या भाषेत चालतात. याला हरकत घेणारा प्रशासक मी पाहिलेला नाही.

एकाच वेळी चार पात्रं चालवली तर?

बहुतेक मडांवर मनाई असते आणि मला ती योग्य वाटते. एकाने वार करायचा, बाकी तिघांनी ट्रिगरने त्याला बरं करायचं, तर गट जमवण्यासाठी माणसांशी बोलण्याची गरजच संपते. परवानगी असेल तिथे खुशाल करा.

सगळे बॉट वाईटच का?

मुळीच नाही. १९८९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात टायनीमड सुरू झाला, त्यात लढाई नव्हती. मायकेल मॉल्डिनने तिथे ज्युलिया नावाचा बॉट सोडला. ती खोल्याखोल्यांतून फिरायची, नकाशा लक्षात ठेवायची, कुणी वाट विचारली तर सांगायची, निरोप पोचवायची. ‘चॅटरबॉट’ हा शब्द मॉल्डिननेच रूढ केला. ज्युलिया कुणाचा ट्रोल पळवत नव्हती. आमच्या मडवरही लिलावाचे भाव सांगणारा एक बॉट होता. त्याच्या नावातच बॉट लिहिलं होतं आणि मालक कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं.

एआय मॉडेल जोडून खेळवलं तर तो ट्रिगर की बॉट?

तुम्ही नसताना चालत असेल तर बॉट. तो छान बोलतो, त्यामुळे आम्ही वापरायचो तो मोकळा प्रश्नही आता पुरेसा राहिलेला नाही. इथे तपासणीपेक्षा मला आधी सांगून टाकण्याची पद्धत बरी वाटते : पात्राच्या वर्णनात लिहा आणि प्रशासकाला कळवा. न सांगता माणूस म्हणून वावरणं ही मला सगळ्यात मोठी फसवणूक वाटते, कारण समोरचा त्या पात्राशी मैत्री करत असतो.

मी नवा मड सुरू करतोय. नियम कसा लिहू?

आम्ही शेवटी जो ठेवला तो साधारण असा होता :

‘एलियस, ट्रिगर, टाइमर चालतील. पात्र फिरत किंवा लढत असताना खेळाडू हजर हवा. प्रशासकाच्या साध्या मजकुरातल्या प्रश्नाला पाच मिनिटांत उत्तर द्यावं. भर लढाईत असाल तर लढाई संपल्यावर पाच मिनिटांत. पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी त्या दिवशीची कमाई परत, तिसऱ्या वेळी महिनाभर बंदी. स्क्रीन रीडर किंवा शारीरिक अडचणीमुळे जास्त वेळ लागत असेल तर एकदा कळवा, त्यामागचं कारण विचारलं जाणार नाही.’

आणि एक गोष्ट यादीत धरा. दर महिन्याला बघा, खेळाडू सगळ्यात जास्त कशासाठी ट्रिगर लिहितात. आमच्याकडे ते पाण्याची बाटली भरणं निघालं. त्यात कुणाचंच कौशल्य नव्हतं, कुणालाच मजा येत नव्हती. आम्ही ‘ऑटोड्रिंक’ दिलं आणि तो ट्रिगर सगळ्यांच्या यादीतून गेला.

माझ्यावर बॉटचा खोटा आरोप झाला तर?

क्लायंटमध्ये लॉग, म्हणजे पडद्यावरच्या सगळ्या ओळींची नोंद, कायम चालू ठेवा, वेळेच्या नोंदीसकट. आरोप झाला की चौकात वाद घालू नका, त्या अर्ध्या तासाचा लॉग आणि चालू असलेल्या ट्रिगरची यादी प्रशासकाला पाठवा. माझ्या वेळी ज्यांनी यादी स्वतःहून पाठवली, त्यांच्यातल्या बहुतेकांचं म्हणणं दोन दिवसांत मान्य झालं.